सॉर्टबाई आणि निळं टेबल

लॉन्ड्रीत त्यांना सगळे सॉर्टबाई म्हणत. कुणी चुकून खऱ्या नावाने हाक मारली तर त्या स्वतःच मागे वळून बघत, ही कोण नवीन आली म्हणून.

लॉन्ड्री मोठी होती. घरगुती कपड्यांची नव्हे. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे डगले, खानावळींचे टेबलक्लॉथ, पोहण्याच्या तलावावरचे टॉवेल, असला सगळा माल. मागच्या दाराला गाडी लागायची, पोती उलटी व्हायची आणि लांबलचक टेबलावर मळक्या कपड्यांचा डोंगर उभा राहायचा. त्या डोंगराच्या पायथ्याशी सॉर्टबाई, कोपरापर्यंत हातमोजे, नाकावर फडकं. लग्नाच्या आधीपासून त्या तिथेच उभ्या होत्या.

पहिल्या दिवशी इंग्रजीशी त्यांची ओळख साबणाच्या वेष्टनापुरती होती. टेबलामागच्या भिंतीवर हातभर मोठ्या अक्षरांत एकच शब्द रंगवलेला होता. तिथल्या म्हाताऱ्या मुकादमीणबाईंनी त्याच्याकडे बोट केलं. "हा शब्द बघून ठेव. सॉर्ट."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ह्याच्यात ते मिसळायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच. पण हे ज्याला कळत नाही ना, त्याच्या हातून गुलाबी डॉक्टर तयार होतात."

हा किस्सा खरा होता. कुणीतरी एकदा लाल मोजा पांढऱ्या डगल्यांच्या घाण्यात टाकला होता आणि एका दवाखान्यातले यच्चयावत डॉक्टर आठवडाभर गुलाबी होऊन फिरत होते. रोग्यांना बरं वाटलं म्हणतात, पण लॉन्ड्रीची पार शोभा झाली.

सॉर्टबाईंनी तो शब्द असा काही मनावर घेतला की विचारू नका. पांढरं आणि रंगीत हा भेद कुणीही करील. त्यांनी डागांच्या जाती पाडल्या. काही डाग लाजरे, पाणी दिसलं की पळणारे. काही निर्लज्ज, तीन वेळा धुतले तरी खुर्ची टाकून बसलेले. आणि काही आतल्या गाठीचे; कापड ओलं असेपर्यंत दिसायचे नाहीत, इस्त्री फिरली की हळूच वर यायचे. "ह्यांच्यापासून जपायचं," त्या म्हणायच्या. पुढेपुढे हे त्या डागांबद्दल बोलतायत की शेजाऱ्यांबद्दल, ते ऐकणाऱ्याला कळेनासं झालं.

घरी तर विचारायलाच नको. यजमान रंगारी, म्हणजे लोकांची घरं रंगवणारे. स्वभावाने ढिगातले. खिशात हात घातला की ब्रश, बिस्कीट आणि कुणाच्या तरी घराची किल्ली एकदमच बाहेर यायची. अशा माणसाचा संसार ह्या बाईंशी.

"अगं, माझा चष्मा कुठंय?"

"काचेच्या वस्तूंत."

रंगारीबुवांनी कपाट उघडलं. पाण्याच्या ग्लासांच्या रांगेत, शेवटून दुसरा, चष्मा उभा होता.

"आणि पट्टा?"

"लांब वस्तूंत."

छत्री, पडद्याची जादा दांडी आणि पट्टा, तिघं एका खणात शेजारी शेजारी झोपले होते. रंगारीबुवा पट्टा कमरेला लावत म्हणाले, "ह्या घरात वस्तू मी ठेवली तिथे कधीच सापडत नाही. तिच्या जातभाईंकडे राहायला जाते."

"तुम्ही ठेवता कुठे? तुम्ही टाकता," सॉर्टबाई म्हणाल्या, आणि विषय तिथे मिटला. रोजच मिटायचा.

मग लॉन्ड्रीत नवा मॅनेजर आला. पोरगेला, तुरूतुरू चालणारा. त्याच्या तोंडातही हाच शब्द, पण तो वाटेल तिथे वापरायचा. बॉयलर बंद पडला, सॉर्ट करू. गाडी उशिरा येते, सॉर्ट करू. एकदा तर म्हणाला, "बायको रुसून माहेरी गेलीय, होईल सॉर्ट."

सॉर्टबाईंनी नाकावरचं फडकं खाली ओढलं. बायको आधीच वेगळी झालीय, आता आणखी काय सॉर्ट करणार हा?

त्याच सुमारास इस्त्रीवाला आणि घडीवाली ह्यांचं वाजलं. दोघांची टेबलं समोरासमोर. इस्त्रीवाला काम करताना गुणगुणायचा. गाणं नव्हेच ते. एकच ओळ, तीही अर्धी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. घडीवालीने एक दिवस चादर अर्ध्या घडीवर टाकली आणि जाहीर केलं, "एक तर ही ओळ पूर्ण तरी करा, नाहीतर मी चालले."

इस्त्रीवाला म्हणाला, "पुढची येत नाही मला."

मॅनेजरने डोकं धरलं. "बाई, तुम्ही जुन्या. एवढं सॉर्ट करा ना प्लीज."

बाईंना त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक. त्यांनी दोघांकडे एकदा नीट पाहिलं, आणि चार माणसं लावून इस्त्रीचं टेबल उचलून मोठ्या ड्रायरच्या शेजारी नेऊन ठेवलं. तो ड्रायर असा धडधडायचा की तिथे कुणी नरडं फाडलं तरी ऐकू गेलं नसतं. इस्त्रीवाला खूश, कारण तिथे त्याला पूर्ण गळ्याने गाता येऊ लागलं. घडीवाली खूश. मॅनेजर तर आनंदाने नाचायचाच बाकी.

"वा! काय सॉर्ट केलंत!"

"मी काही नाही केलं हो. नुसतं वेगळं केलं."

"तेच तर!"

तेच कसं, हे बाईंना कळलं नाही. पण त्या दिवसापासून लॉन्ड्रीतली भांडणंही त्यांच्या टेबलावर येऊ लागली, आणि त्या ती कपड्यांसारखीच निकालात काढू लागल्या. हा त्या कोपऱ्यात, ती ह्या कोपऱ्यात. गंमत म्हणजे बहुतेक वेळा जमायचं. बाईंना वाटू लागलं, आपल्याला उगाच इतकी वर्षं कापडात गुंतवून ठेवलं.

त्यांची एकुलती एक लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. एके दिवशी संध्याकाळी ती घरी आली, चप्पल चपलांतच काढली, बाईंच्या घरात दुसरी सोयच नव्हती, आणि म्हणाली, "आई, मला एकजण आवडलाय. त्याची बेकरी आहे. एकदम सॉर्टेड आहे."

बाई हातातलं काम टाकून उठल्या. "कुणी केला?"

"कुणी काय केला?"

"सॉर्ट. आणि कशातून काढला?"

लेक हसत सुटली ती थांबेचना. रंगारीबुवा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "माल बघितल्याशिवाय बोलू नकोस हो."

"अगं आई, सॉर्टेड म्हणजे ज्याच्या डोक्यात गोंधळ नाही. आपल्याला काय हवं, काय नको, हे ज्याला माहीत आहे असा."

"मग तुझ्या बाबांना काय म्हणायचं?"

लेकीने वडिलांकडे पाहिलं. "बाबा अजून पोत्यात आहेत."

बेकरीवाला रविवारी जेवायला आला. हसरा, दंडाने मजबूत, भुवईला पीठ लागलेलं. बाईंनी त्याला दारातच आपादमस्तक न्याहाळलं; डाग दिसेना. पण जेवायला बसल्यावर त्याने जे केलं ते पाहून त्यांचा घास हातातच राहिला. बाईंनी ताटात प्रत्येक पदार्थ आपापल्या हद्दीत वाढला होता. ह्या गृहस्थाने चमचा घेतला आणि सगळं एकत्र कालवून टाकलं. वर म्हणाला, "काकू, फार छान झालंय."

"काय छान झालंय? त्यातलं नेमकं काय?" बाईंनी विचारलं.

"सगळंच."

तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "हा सॉर्टेड? ह्याला सरळ मिक्सर म्हणा की."

"जेवला पोटभर, ताटंही घासून गेला," रंगारीबुवा म्हणाले. "तुझ्या भावाने आजवर स्वतःचा पेला तरी उचललाय?"

बाईंनी घासलेली ताटं आकाराप्रमाणे रचायला घेतली. मुलगा चांगला होता, लेक खुशीत होती, आणि महिन्याभरात लग्न ठरलं. सकाळी कचेरीत सह्या आणि दुपारी एका हॉलमध्ये दोन्हीकडच्या माणसांना जेवण, एवढाच बेत. हॉलमध्ये गोल टेबलं होती. लेक कपड्यांच्या, फोटोवाल्याच्या गडबडीत. जाताजाता म्हणून गेली, "आई, कोण कुठे बसेल ते तेवढं तू सॉर्ट कर हं."

तिच्या मनात होतं, जरा लक्ष ठेव. पण बाईंच्या अंगात वीज संचारली. दोन घरांची माणसं म्हणजे एवढं मोठं पोतं, आणि तेही कधी न उलटलेलं!

त्या दिवशी त्या हॉलच्या दारात उभ्या राहिल्या. प्रत्येक टेबलावर एका रंगाचे रुमाल मांडून ठेवलेले. कुठला रंग कशाचा, हे फक्त त्यांना ठाऊक. पाहुणा आत आला की नमस्कार, एक नजर, आणि "या या, तुम्ही पिवळ्याकडे बसा." आपल्या माणसांची तर त्यांना खडानखडा माहिती होती. बेकरीवाल्यांच्या माणसांना त्या चेहऱ्यावरून, चालीवरून, पहिल्या वाक्यावरून ओळखत होत्या. पिवळं टेबल बोलक्यांचं. हिरवं सल्ला देणाऱ्यांचं. पांढरं ज्यांना ऐकू कमी येतं त्यांचं. निळं रुसणाऱ्यांचं. आणि अगदी मागे, मागच्या दरवाजातून येणाऱ्या वाऱ्याच्या झोतात, बिनरंगी रुमालांचं एक टेबल. कशातच न बसणारे सगळे तिथे. लॉन्ड्रीत जोडीदार हरवलेले मोजे एका डब्यात टाकतात, तसे. तिथे त्यांनी मॅनेजरला बसवलं, फोटोवाल्याच्या सासऱ्यांना बसवलं आणि थोडा विचार करून यजमानांनाही धाडलं.

"मी इथे का?" रंगारीबुवांनी विचारलं.

"बसा हो. मागाहून बोलू."

सगळ्यांत शेवटी मोठ्या वन्सं आल्या, म्हणजे रंगारीबुवांची थोरली बहीण. ह्या बाईंचं रुसणं खानदानी होतं. लेकीच्या बारशाला बोलावणं दोन दिवस उशिरा गेलं म्हणून त्या जे रुसल्या, ते लेकीच्या नोकरीपर्यंत घरी फिरकल्या नव्हत्या. दारात येऊन त्या थांबल्या, कुणीतरी हाताला धरून नेईल म्हणून.

"वन्सं, तुम्ही निळ्याकडे," बाई म्हणाल्या आणि वाढप्यांकडे वळल्या.

जेवण सुरू झालं. थोड्या वेळाने बाईंनी मान वर करून हॉलवर नजर टाकली, धुऊन आलेल्या गठ्ठ्यावर टाकावी तशी कौतुकाची. आणि काहीतरी चुकतंय असं त्यांना वाटायला लागलं.

पिवळ्या टेबलावर आठही जण एकाच वेळी बोलत होते. ऐकायला कुणीच नव्हतं. प्रत्येकजण आवाज वाढवत होता आणि मधूनमधून शेजाऱ्याचा दंड धरून "आधी माझं ऐका" म्हणत होता. जेवण गार होत होतं. हिरव्या टेबलावर एका काकांनी दुसऱ्यांना गुडघ्यासाठी व्यायाम सांगितला होता, दुसऱ्यांनी त्यांना गुडघाच बदलून घ्यायला सांगितला होता, आणि आता दोघंही उभे राहून पाय वर करून दाखवत होते. पांढरं टेबल तेवढं सुखात होतं. तिथे एक आजोबा काहीतरी सांगत होते, बाकीचे भलतंच ऐकून पोट धरून हसत होते.

निळ्या टेबलावर मात्र स्मशानशांतता. ताटं वाढलेली, एकाही ताटाला हात लागलेला नाही. सगळे रुमालाच्या घडीकडे बघत बसलेले. प्रत्येकजण वाट बघत होता की कुणीतरी म्हणेल, "घ्या ना, काय झालं? राग आलाय का?" आणि तिथे तसं म्हणणारं कुणी नव्हतंच, बाईंनीच वेचून बाजूला काढलं होतं.

रुसण्याला प्रेक्षक लागतो, हे वन्संना त्या दिवशी पहिल्यांदा उमगलं असावं. त्यांनी डावीकडे पाहिलं. बेकरीवाल्याचे मामा तोंड फुगवून बसले होते. उजवीकडे पाहिलं. तीच तऱ्हा. समोर पाहिलं. मग त्यांनी सगळ्या हॉलभर नजर फिरवली, पिवळ्याचा कलकलाट ऐकला, हिरव्याचे वर गेलेले पाय पाहिले, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खुर्ची मागे सारून त्या उभ्या राहिल्या.

"हे रुसक्यांचं टेबल आहे!"

सगळा हॉल गप्प. पिवळं टेबलसुद्धा. एक घास खाली पडल्याचा आवाज आला.

"हिने आपल्याला वेचून वेचून इथे आणून टाकलंय!" वन्सं म्हणाल्या. "इकडे ये गं तू. खरं सांग, केलंस की नाही?"

सॉर्टबाई पुढे आल्या. नवरदेव उभा राहिला होता. लेकीने कपाळाला हात लावला होता. खोटं बोलण्याचा विचार बाईंच्या मनात आलाच नाही असं नाही, पण डाग लपवणाऱ्यांचं पुढे काय होतं ते त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

"केलं वन्सं," त्या म्हणाल्या. "मला सॉर्ट कर म्हणाले, मी केलं."

"मग आम्ही कोण?" हिरव्या टेबलावरून एका पायावर उभ्या असलेल्या काकांनी विचारलं.

"तुम्ही सल्लागार."

"हे चूक आहे. हे असं करायचं नसतं. मी सांगतो कसं करायचं..."

"आणि आम्ही?" पिवळ्यावरून आठ आवाज आले. बाई बोलायच्या आत त्यांचं त्यांनाच कळलं आणि त्यावर आठही जण एकदम बोलू लागले.

आता मात्र बेकरीवाल्याचे मामा उठले. वन्संखेरीज निळ्या टेबलावरचा पहिला शब्द त्यांच्या तोंडून फुटला. "मी काही रुसलेला नव्हतो," ते रुसून म्हणाले.

सगळ्यांत आधी पांढऱ्या टेबलावरच्या आजोबांना हसू आलं, कशाचं ते देव जाणे. मग मॅनेजर हसला. मग हॉलचं छप्पर उडायचीच वेळ आली. वन्संनी मात्र तोंड मिटलेलंच ठेवलं होतं. त्यांनी सॉर्टबाईंना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"बरं, आम्ही रुसके. तू स्वतः कुठल्या टेबलावर?"

बाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. प्रत्येक खुर्चीवर माणूस होतं. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, एवढ्या माणसांत, त्यांनी स्वतःसाठी खुर्चीच ठेवली नव्हती. सुचलंच नव्हतं. टेबलाच्या अलीकडे उभं राहणारं माणूस कधी टेबलावर पडतं का?

"मला नाही जागा," त्या पुटपुटल्या. आणि का कोण जाणे, त्यांचे डोळे भरून आले.

"बघा, बघा!" वन्सं विजयी मुद्रेने टेबलाकडे वळल्या. "सरका रे जरा. ही आपल्यातलीच आहे. आयुष्यभर रुसत आलीय, फक्त कामात असते म्हणून दिसत नाही." आणि त्यांनी मामांना कोपराने ढोसून दोन खुर्च्यांच्या मध्ये तिसरी घुसवली.

सॉर्टबाई बसल्या. समोर ताट आलं. त्यांना भूक नव्हती असं नाही, पण त्यांनी हात लावला नाही. त्या रुमालाच्या घडीकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं हे सगळं त्या दुसऱ्यांचं बघत आल्या होत्या. स्वतः करून बघितल्यावर त्यांना वाटलं, ह्यात बरीच सोय आहे की. काहीच करायचं नसतं. नुसतं बसायचं, बाकीचं लोक करतात.

आणि खरंच रंगारीबुवा मागच्या टेबलावरून उठून आले. हातात बिनरंगी रुमाल, खिशातून ब्रशची दांडी डोकावतेय, लेकीच्या लग्नातसुद्धा. "अगं, घे ना," ते म्हणाले. "काय झालं? राग आलाय का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"थोडंसं घे. माझ्यासाठी."

"नको."

"कच्ची आहेस अजून," वन्सं कानात कुजबुजल्या. "नको म्हणताना मान थोडी पलीकडे वळवायची."

बाईंनी वळवली. रंगारीबुवांनी आणखी दोनदा आग्रह केला. मामांनी निरखून पाहिलं आणि दाद दिल्यासारखी मान हलवली. एव्हाना बाकीच्या हॉलमध्ये लोक आपापल्या खुर्च्या ओढत निघाले होते. पिवळ्यातली एक आत्या ऐकणारं कुणीतरी हवं म्हणून पांढऱ्याकडे सरकली आणि तिथल्या आजोबांच्या कानाशी जी बोलायला बसली ती जेवणं संपेपर्यंत उठली नाही. आजोबा अधूनमधून "अगदी बरोबर" म्हणत होते. सल्लागारांपैकी दोघं निळ्याकडे आले, "रागाने पित्त वाढतं" असं सांगायला. त्यांना निळ्याने एकमुखाने हाकलून दिलं. निळ्याचं तेवढं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि त्यानंतर तिथे जी जेवणं झाली ती सगळ्यांत उशिरापर्यंत चालली. रुमालांचे रंग कुठल्या कुठे गेले. बेकरीवाला मधून फिरत प्रत्येकाच्या ताटात काहीबाही वाढत होता, एकावर एक, आणि त्या दिवशी बाईंनी त्याला अडवलं नाही.

लेक शेवटी आईशेजारी येऊन टेकली. "आई, मी म्हटलं होतं जरा बघून घे. एवढंच."

"मग तसं म्हणायचं. इंग्रजीत कशाला शिरायचं?"

"चुकलं. पण मजा आली."

"हं," बाई म्हणाल्या, मान किंचित पलीकडे वळवून. लेकीला पुढे बराच वेळ त्यांची समजूत काढावी लागली.

नंतरच्या गोष्टी साध्या आहेत. बेकरीवाल्याचे मामा आणि वन्सं ह्यांची चांगली गट्टी जमली. दोघं फोनवर तासतासभर, कोण आपल्याला कसं विचारत नाही, हे एकमेकांना सांगत असतात. लॉन्ड्रीत मॅनेजरची बायको परत आली. कशी, ते त्याने सांगितलं नाही, आणि बाईंनी ह्या वेळी विचारलंही नाही. भांडणं अजून त्यांच्याकडे येतात, पण आता त्या आधी विचारून घेतात, "वेगळं करायचंय का मिटवायचंय? दोन्हीला वेगवेगळे हात लागतात." मिटवायचं असेल तर त्या सरळ सांगतात, ते मला जमत नाही, घडीवालीला विचारा.

आणि वन्सं इतक्या वर्षांनी भावाच्या घरी चार दिवस राहायला आल्या. पहिल्याच सकाळी त्यांनी आंघोळ करून ओला टॉवेल कोरड्या टॉवेलांच्या घडीवर टाकला. सॉर्टबाईंनी तो पाहिला. एक अक्षर बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन खिडकीकडे तोंड करून बसल्या. आपल्याला कुणी काही बोललं नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी बिनसलंय, हे ओळखून वन्सं बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या.

रंगारीबुवा कामावर निघाले होते. त्यांनी आत डोकावून पाहिलं, बाहेर डोकावून पाहिलं, हातातला ब्रश खिशात घातला आणि दोन वेगवेगळ्या भांड्यांत दोघींचा वेगवेगळा चहा ठेवला.